बूट बाहेर काढा, पण मग पायांत काय?



या पानावर मधुमेहाबद्दल येतं, क्षयाबद्दल येतं, पावसाळ्यात डेंग्यूबद्दल येतं. आज मी बूट-चपलांबद्दल लिहिणार आहे. विषय हलका वाटेल. पण आधी आपल्या गल्लीतली किती घरं दुसऱ्यांच्या घरात जाऊन केलेल्या कामावर चालतात, ते जरा मोजून पाहा. वायरमन, प्लंबर, रंगारी, लादी बसवणारा, एसी दुरुस्त करणारा, पेस्ट कंट्रोलवाला, आणि धुणीभांडी, लादी-पुसणं करणाऱ्या आपल्या आयाबहिणी. आमच्या गल्लीत तर असं माणूस नसलेलं घर शोधावं लागेल. या सगळ्यांच्या वाट्याला रोज एक क्षण येतो. दार उघडतं आणि आतून आवाज येतो, ‘चपला बाहेर काढा हं.’

त्या क्षणी काय करायचं, हे कोणी शिकवत नाही. आयटीआयमध्ये मला वायरिंग शिकवलं, अर्थिंग शिकवलं, वर्कशॉपमध्ये बूट घातल्याशिवाय पाऊल टाकू दिलं नाही. गिऱ्हाइकाच्या उंबरठ्याबद्दल मात्र अक्षर नाही. कारखान्याला कायदा आहे, तिथे इन्स्पेक्टर येऊ शकतो. कोणाच्या स्वयंपाकघरात तो येत नाही. तिथे काम करणारा माणूस, त्याची अक्कल आणि त्याचे पाय, एवढंच असतं.

माझी गोष्ट सांगतो. वायरमनच्या कामात उमेदीची वर्षं गेली, त्यातला हा एक पावसाळा. एका इमारतीत सातव्या मजल्यावर गिझरची तक्रार होती. दार उघडणाऱ्या बाई चांगल्या होत्या. ‘दादा, बूट बाहेर काढा, आत्ताच लादी पुसलीय,’ म्हणाल्या. आवाजात तुच्छता नव्हती. मी बूट काढले, मोजेही ओले होते म्हणून तेही काढले. ओल्या लादीवर अनवाणी उभा राहिलो, गिझरचं बटण बंद केलं आणि झाकणाला हात लावला. पुढचं मला आठवतं ते बाथरूमच्या दाराशी पडलेलो असतानाचं. कोपर सुजलेलं, तोंडात रक्ताची चव.

नंतर तपासलं तेव्हा कळलं. ज्याने आधी वायरिंग केलं त्याने बटण फेजवर न बसवता न्यूट्रलवर बसवलं होतं. म्हणजे बटण बंद झालं तरी गिझरमध्ये करंट होताच. आतली कॉइल खराब होऊन तो करंट पत्र्यावर उतरला होता. अर्थिंगची वायर सॉकेटच्या मागे नुसतीच लोंबत होती. करंटला जमिनीत जायला वाट हवी होती, ती माझ्या ओल्या पायांनी दिली.

चूक माझीही होती, हे कबूल करतो. मेन बंद न करता, टेस्टर न लावता हात घातला. आधी मेन, मग टेस्टर, मग हात, हा क्रम मी मोडला. पण माणूस चुकतो म्हणूनच तर पायांत काहीतरी लागतं. कोरडी कातडी करंटला बराच अडथळा करते. तीच ओली झाली की तो अडथळा हजार ओहमच्या आसपास खाली येऊ शकतो. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. भागाकार करून पाहा, जवळजवळ २३० मिलिअँपिअर येतात. माणसाचा जीव वाचावा म्हणून घरात बसवतात तो आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला तुटतो. बाकीचं समजून घ्या. कोरडा रबरी तळवा पायाखाली असता तर मला चिमटा बसला असता, फेकला गेलो नसतो. बूट म्हणजे चिलखत नव्हे, भोक पडलेला किंवा भिजलेला बूट तर काहीच नव्हे. पण तो नसणं हा फरक मी अंगावर सोसलेला आहे.

त्या बाईंनी मला पाणी दिलं, डॉक्टरकडे चला म्हणाल्या, पैसेही पूर्ण दिले. हे मुद्दाम सांगतो. माझा कोणी अपमान केला नव्हता, तरी मी मरणार होतो. या विषयावर बोलताना आपण बहुतेक वेळा फक्त अपमानाबद्दल बोलतो. पायाचं राहून जातं.

पाय म्हणजे नुसता शॉकही नव्हे. ड्रिल मारलं की लादीचे तुकडे उडतात, वायर सोलली की तांब्याची कुसळं पडतात, जुनी चौकट काढली की गंजके खिळे निघतात. शिडीच्या गोल पायरीवर अनवाणी तासभर उभं राहून बघा, तळव्याची कमान कशी ठणकते ते. पाय दुखला की माणूस तोल बदलतो, आणि पडतो तो असाच पडतो. वरून पान्हा निसटला तर तो अंगठ्यावरच येतो. गवंड्याच्या हाताखाली ओल्या सिमेंटात अनवाणी उभं राहणाऱ्यांना विचारा. सिमेंट कातडी जाळतं, आणि ते लगेच कळत नाही, संध्याकाळी कळतं.

मधुमेहाचं तर वेगळंच सांगायला हवं, कारण आपल्या वस्त्यांत तो घराघरात शिरलाय आणि चाळिशीतल्या कारागिरालाही आहे. साखर वाढलेली राहिली की पायाची संवेदना हळूहळू जाते. काच रुतली तरी कळत नाही. चार दिवसांनी मोज्याला वास यायला लागतो तेव्हा घरचे पाहतात, तोवर जखम हाडापर्यंत गेलेली असते. अशा माणसाने कोणाच्याही घरात, कितीही स्वच्छ लादी असली तरी, अनवाणी काम करू नये. गिऱ्हाईक नाराज झालं तर होऊ दे. बोट गेल्यावर गिऱ्हाईक येत नाही.

खिळा लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्यात धुवा आणि त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात जा. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते डॉक्टरांना सांगा. आठवत नसेल तर तेही सांगा. हळद-चुना भरून घरी बसू नका.

आणि आयाबहिणींचे पाय. आठ-आठ घरी लादी पुसणाऱ्या बाईचे पाय दिवसभर ओले असतात, पण बहुतेक घरांत तिला आत चपला घालायला मुभा नसते. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, टाचांना भेगा पडतात, त्या भेगांत फिनेल आणि अ‍ॅसिड जातं. संडास-बाथरूम अ‍ॅसिडने धुवायला सांगायचं आणि पायांत काही घालू द्यायचं नाही, हा कुठला न्याय? बाथरूमसाठी रबरी चपलांची एक जोडी त्या घरात ठेवायला किती जागा लागते? ही मागणी बायकांनी एकेकटीने करू नये. एकाच सोसायटीत दहा-बारा जणी जातात, त्यांनी मिळून एकाच महिन्यात करावी.

आता अपमानाचं बोलतो, कारण ते न बोलता हा विषय पुढे जाऊच शकत नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांना गावातल्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्यायला लावत. ही फार जुनी कहाणी आहे असं कोणी म्हणालं तर त्याला कायदा दाखवा. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात २०१५ ला सुधारणा झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी पादत्राणं किंवा नवे कपडे घालायला अडवणं, सायकल-मोटरसायकल चालवायला अडवणं, वरातीत घोड्यावर बसायला अडवणं, हा गुन्हा म्हणून तिथे शब्दांत लिहावं लागलं. एकविसाव्या शतकात संसदेला हे लिहावं लागलं, यावरून काय ते समजा. आपल्या चौकातला बाबासाहेबांचा पुतळा पाहा. कोट आहे, टाय आहे, हातात संविधान आहे आणि पायांत बूट आहेत. ते बूट तिथे उगाच नाहीत.

म्हणून आमच्यातले काही वडीलधारे पोरांना सांगतात, ‘कोणाच्या दारात बूट काढायचे नाहीत. आपल्या बापजाद्यांनी काढले तेवढे पुरे.’ त्या रागाचा मी मान राखतो. त्या रागावर आपण वाढलोय. पण त्यांचा सल्ला मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगतो.

चपला दाराबाहेर काढणं ही आपल्या घरातलीही रीत आहे. विहारात आपण काढतो. बूट घातलेल्या बाबासाहेबांना हार घालायला चढताना आपण खाली चपला काढूनच चढतो. दहा बाय बाराच्या खोलीत जिथे जेवतो तिथेच झोपतो, तिथे रस्त्याची चप्पल चालणार नाही, हे आपल्या आईने आपल्याला धपाटे घालून शिकवलंय. तेव्हा ‘चपला काढा’ एवढ्या दोन शब्दांत जात आहे की स्वच्छता, हे नुसत्या शब्दांवरून ठरत नाही.

मी एक कसोटी लावतो. त्या घरात सगळ्यांना एकच नियम आहे का? घरचे लोक, पाहुणे, कुरिअरवाला, विमा एजंट, डॉक्टर, सगळेच बाहेर काढत असतील तर ती घराची रीत आहे, तिचा मान ठेवा. पण सोफ्यावर बसलेला पाहुणा बुटासकट बसलाय आणि तुम्हाला मात्र जिन्याजवळ काढायला सांगतात, तुमच्यासाठी कप वेगळा, लिफ्ट वेगळी, तुम्ही गेल्यावर उभ्या जागी पाणी शिंपडतात, तर ती स्वच्छता नाही. तिथे बोलायचं. शांतपणे, पण बोलायचं. काम नको असेल तर व्हिजिटचे पैसे घेऊन निघायचं. मी दोनदा निघालोय. एकदा भाड्याचेही पैसे मिळाले नाहीत, तरी त्या रात्री झोप चांगली लागली.

यात एक गफलत होते. पोरगा रागाने बूट घालून आत जातो, आणि पावसाळ्यात त्याच बुटांनी गटाराच्या चेंबरजवळून आलेला असतो. मग आत रांगणारं मूल असतं. ते मूल जोशींचं असो, शेखांचं असो की कांबळेंचं, त्याच्या पोटात जंतू जातीने शिरत नाहीत.

बुटांच्या तळाला काय येतं ते आपल्याला इतरांपेक्षा जास्त माहीत असायला हवं, कारण तिथे काम आपणच करतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोचे किती रुग्ण झाले ते ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत. उंदराच्या लघवीतून ते पाण्यात येतं आणि पायावरच्या बारीकशा खरचटीतून अंगात जातं. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला जखम असेल, तर ताप येण्याची वाट न पाहता एक-दोन दिवसांतच दवाखान्यात जाऊन दाखवा. प्रतिबंधाची गोळी डॉक्टर ठरवून देतात. मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका.

रंगाऱ्यांसाठी आणखी एक. जुना ऑइलपेंट घासला की त्याच्या धुळीत शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारं-खिडक्यांवर काय आहे ते घासल्यावर उडतं. ती धूळ गिऱ्हाइकाच्या घरात राहते ती राहते, पण बुटांबरोबर आणि पॅन्टच्या मुडपीत आपल्या खोलीतही येते. आपलं पोर त्याच कोब्यावर रांगतं आणि बोटं तोंडात घालतं. शिसं लहान मुलाच्या मेंदूला धोका करतं, ते गेलेलं परत येत नाही. पोराला शाळेत का उमगत नाही म्हणून आपण मास्तरांना विचारतो. आपल्या दाराशी पडलेल्या कामाच्या बुटांकडे आपलं लक्ष जात नाही.

म्हणजे बूट घालून आत जाणं बरोबर नाही आणि अनवाणी जाणंही बरोबर नाही. मग काय? मला तरी एकच उत्तर सापडलं आणि ते नवं नाही, फार जुनं आहे.

विनयपिटकातल्या महावग्गात सोण कोळिविसाची कथा आहे. चंपानगरीतल्या श्रीमंत घरचा मुलगा. पाय इतके कोमल की तळव्यांवर लव होती. भिक्खू झाल्यावर चंक्रमण करता करता त्याचे पाय फुटले, चालण्याची वाट रक्ताने भरली. वीणेच्या तारा फार ताणू नयेत, फार सैलही सोडू नयेत, हा उपदेश तथागतांनी त्यालाच केला, तो आपल्याला माहीत आहे. पण कथेचा पुढचा भाग आपण क्वचित सांगतो. तथागतांनी त्याला एकतळी वहाणा वापरायची परवानगी दिली. तो म्हणाला, एकट्याला नको, लोक म्हणतील एवढं वैभव सोडलं आणि वहाणेत अडकला. संघाला दिलीत तर घेईन. आणि तथागतांनी ती सर्व संघाला दिली. रक्ताळलेल्या पायाकडे पाहून नियम बदलला, आणि एकासाठी नाही, सगळ्यांसाठी.

दुसरी जागा चुल्लवग्गात. दुसऱ्या विहारात पोचणाऱ्या भिक्खूने आत जाण्याआधी वहाणा काढाव्यात, खाली धरून झटकाव्यात. पुसायच्या तर आधी कोरड्या फडक्याने, मग ओल्या. आधी कोरडं, मग ओलं! ज्याने कधी चिखलाचा बूट साफ केलाय त्याला कळेल की हे लिहिणाऱ्याने खरंच बूट पुसले होते.

माझं उत्तर आहे दुसरी जोडी. हत्यारांच्या पिशवीत, प्लास्टिकच्या वेगळ्या थैलीत, कोरड्या रबरी तळव्याचे बंद बूट. हे बूट रस्त्याला कधीच लावायचे नाहीत. दारात सांगायचं, ‘ताई, बाहेरचे बूट इथे काढतो. हे आतले आहेत, फक्त घरात वापरतो.’ तळवा उलटा करून दाखवायचा. इतक्या वर्षांत या वाक्याला नाही म्हणणारं गिऱ्हाईक मला अगदी मोजकं भेटलं. उलट ‘हा माणूस नीट काम करणारा दिसतो’ असं त्यांच्या चेहऱ्यावर येतं. साधी कॅनव्हासची जोडी चार दिवसांच्या चहा-वडापावमध्ये येते. जड सामान उचलणाऱ्यांनी मात्र पुढे कडक टोप असलेलेच घ्यावेत, कॅनव्हास तिथे उपयोगाचा नाही.

काहीजण बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्या वापरतात. कंपनीच्या पोरांना त्या मिळतात. कोरड्या लादीवर चालायला ठीक. शिडीवर, ओल्या बाथरूममध्ये, खिडकीबाहेर एसीच्या कठड्यावर त्या घालून कोणी पाऊल ठेवू नका. तिथे त्या साबणासारख्या घसरतात. गिऱ्हाईक आग्रह करत असेल तर काम सोडा. लादी धुता येते.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी बूट ठेकेदाराकडून मागावेत. ‘तुमचे तुम्ही घ्या’ हे उत्तर सगळीकडे मिळतं, तरी मागावेत, आणि दोघा-तिघांनी मिळून मागावेत. सोण कोळिविसाने एकट्यासाठी घेतलं नव्हतं.

आता थोडं आपल्या घराबद्दल, कारण आपणही कोणाचे तरी गिऱ्हाईक आहोत. आपल्याकडे नळवाला येतो तेव्हा आपण काय करतो? काम असेल तिथली लादी आधी कोरडी करून ठेवा. दारापासून मोरीपर्यंत जुनं पोतं किंवा चादर अंथरा, म्हणजे त्याला बूट काढायला सांगायची वेळच येत नाही. विजेचं काम असेल तर कोणालाही, कोणत्याही कारणाने, अनवाणी उभं करू नका. मेन कुठे आहे ते त्याला आधी दाखवा. मुलांना शेजारी पाठवा. काम झालं की धूळ कोरड्या झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि गल्लीचं गटार काढायला जो येतो, त्याला आपण पाणी कशातून देतो? हे मला लिहायला आवडत नाही, पण आमच्या गल्लीत मी प्लास्टिकची जुनी बाटली पुढे केलेली पाहिलीय, आणि ती करणाऱ्याच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्याच्या पायांत गमबूट नव्हते, हे तर कोणी पाहिलंही नाही.

गेल्या महिन्यात आमच्या मोरीचा नळ गळत होता. आलेला मुलगा विशीतला. दारात थबकला, माझ्या नातीला रांगताना पाहिलं आणि काही न सांगता चपला काढून अनवाणी आत आला. मोरीत घोटाभर पाणी होतं, वर गिझरचं सॉकेट. मी त्याला थांबवलं. मेन बंद केला आणि माझी जुनी आतली जोडी त्याच्यापुढे ठेवली. ती त्याला एक नंबर मोठी झाली. पुढे कागद कोंबून त्याने काम केलं. जाताना काढून ठेवायला लागला तेव्हा म्हटलं, राहू दे, घेऊन जा, मी आता कुठे शिडीवर चढतोय. त्याने तळवा पाहिला, फडक्याने पुसला आणि जोडी हत्यारांच्या पिशवीत ठेवली, पान्ह्याच्या बाजूला. मी म्हटलं, अरे, तिला वेगळी थैली दे. मग माझ्या बायकोने दुधाची एक धुतलेली पिशवी आणून दिली, पण ती लहान पडली.